रात्री नऊचे थेंब : एक घरफोड्या थांबला त्याचं प्रकरण

जेलमधून सुटून आलेल्या माणसांसोबत मी बरीच वर्षं काम करतेय आणि लोक मला फिरून फिरून एकच विचारतात, की मग तो सुधारला कसा, नेमकं काय झालं? विचारणाऱ्याला एक क्षण ऐकायचा असतो, आई गेली, मुलगी झाली, कुणीतरी दोन शब्द बोललं आणि डोळे उघडले असं काहीतरी. या प्रकरणात असा क्षण नाहीये. मी सहा वर्षं शोधला, त्याला स्वतःला चार वेळा विचारलं, आणि चारही वेळा त्याने वेगळं उत्तर दिलं.

तो म्हणजे कोण ते सांगणार नाही, गाव-शहरही नाही. त्याने लिहायला हो म्हटलंय, लिहिलेलं सगळं दोनदा वाचून घेतलंय, आणि ओळख पटेल अशा दोन गोष्टी काढायला लावल्यात, त्या काढल्यात.

आधीचं थोडक्यात. पहिली चोरी तेराव्या वर्षी, पंधराव्या वर्षी बालसुधारगृह, त्यानंतर मोठ्यांच्या जेलमध्ये चार वेळा, सगळं मिळून सात वर्षांच्या आसपास आत. काम एकच, बंद घरं फोडणं. कुणाच्या अंगावर हात टाकला नाही कधी, हे तो आवर्जून सांगतो, आणि मी दर वेळी सांगते की घरी परतल्यावर दार उचकटलेलं दिसतं त्या माणसाला पुढे वर्षभर नीट झोप लागत नाही, तेव्हा हा मुद्दा तू मोठा करू नकोस. शेवटची शिक्षा संपवून बाहेर आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

आता इथे एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. एकतीस हे वयच त्याच्या बाजूने होतं. गुन्हे करणाऱ्यांचं वय मांडून बघितलं तर आलेख तेरा-चौदापासून चढतो, विशीच्या आत-बाहेर शिगेला जातो आणि मग उतरत राहतो, हे बेल्जियमच्या केतले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८३१ मध्येच आकडे मांडून दाखवलं होतं आणि आजही बऱ्याच देशांत साधारण तसंच दिसतं. अमेरिकेत बोस्टनच्या ५०० बालगुन्हेगारांचा अभ्यास ग्लूक नवरा-बायकोने १९४० च्या आसपास सुरू केला होता, ती मुलं बत्तिशीला येईपर्यंत माहिती गोळा केली, मग ते कागद हार्वर्डच्या लायब्ररीच्या तळघरात पडून राहिले, पुढे सॅम्पसन आणि लाउब या दोघांनी ते बाहेर काढले आणि त्यातल्या माणसांचा माग सत्तरीपर्यंत काढला. त्यातून दिसलं असं की अगदी अट्टल समजले जाणारेही कधी ना कधी थांबतातच, फक्त कोण पस्तिशीत थांबणार आणि कोण साठीत, हे लहानपणीच्या माहितीवरून ओळखता येत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पंधरा वर्षांच्या पोरावर जन्माचा शिक्का मारणारे आपण काहीच माहीत नसताना मारत असतो.

पण वय सगळं करतं असंही नाही, कारण त्याच्याच बरोबर सुटलेला त्याचा पार्टनर त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता आणि पाचव्या महिन्यात परत आत गेला.

पहिले चार महिने

सुटल्यावर तो जुन्या वस्तीत गेला नाही. हा मनाचा निश्चय वगैरे नव्हता, बहिणीने स्पष्ट सांगितलं होतं की माझ्या दारात यायचं नाही, आणि बहीण सोडली तर तिथे त्याचं हक्काचं कुणी नव्हतं. आमच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या काकांची शहराच्या दुसऱ्या टोकाला वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, तिथे त्याला ठेवलं. बहिणीच्या त्या नकाराचा मला तेव्हा राग आला होता, आज वाटतं तिने नकळत त्याचं भलं केलं. २००५ मध्ये कतरीना वादळाने न्यू ऑर्लीन्स उद्ध्वस्त झालं तेव्हा जेलमधून सुटणाऱ्या बऱ्याच जणांना परत जायला जुनी वस्तीच शिल्लक राहिली नव्हती. डेव्हिड कर्क नावाच्या संशोधकाने नंतर तपासलं तर जे दुसऱ्या भागात जाऊन राहिले ते जुन्या जागी परतलेल्यांपेक्षा कमी प्रमाणात पुन्हा जेलमध्ये गेले होते. माणसं तीच, स्वभाव तेच, फक्त संध्याकाळी खाली उतरल्यावर कोण भेटणार ते बदललं.

काम मात्र मिळेना. फॉर्ममध्ये तो एक रकाना असतोच, कधी शिक्षा झाली आहे का. त्याने पहिल्या सहा ठिकाणी खरं लिहिलं, सहाही ठिकाणांहून फोन आला नाही, सातव्या ठिकाणी रकाना कोरा सोडला, तिथे घेतलं आणि बाराव्या दिवशी कुणीतरी ओळखलं म्हणून काढलं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्याच शिक्षणाची, सारख्याच अनुभवाची तरुण मुलं नोकरी मागायला पाठवली होती, काहींच्या अर्जावर जेलची नोंद आणि काहींच्या नाही. २००३ मध्ये छापून आलेले आकडे असे की गोऱ्या मुलांना नोंद नसेल तर ३४ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं, नोंद असेल तर १७. काळ्या मुलांना नोंद नसताना १४ आणि नोंद असताना ५. ही मुलं प्रत्यक्षात गुन्हेगार नव्हतीच, नाटक होतं सगळं, नुसत्या एका ओळीने अर्धी दारं बंद झाली.

या चार महिन्यांत तो दिवसभर चालायचा. नुसता चालायचा. एकदा मी सोबत होते तेव्हा एका गल्लीत अचानक थांबला आणि म्हणाला, ताई ते डावीकडचं तिसरं, चार दिवस कुणी नाहीये. मी विचारलं कसं कळलं. पायरीवर धूळ सारखी बसलीये आणि एकाही पावलाचा ठसा नाही, बाहेरचा दिवा भर दुपारी चालू आहे, सायकलच्या सीटवर पानं पडलीयेत. हे सगळं त्याने चालता चालता, माझ्याशी भलत्याच विषयावर बोलत असताना बघितलं होतं. मी घाबरले, खरं सांगते. मग तो जे बोलला ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं. म्हणाला, "हा डोळा कुठे जाणारे ताई, वाचायला शिकलेला माणूस पाटी न वाचता पुढे जाऊ शकतो का."

तो डोळा आजही आहे. आपण समजतो की माणूस थांबला म्हणजे त्याला आता ते दिसतच नसणार. दिसतं सगळं, त्याच्या दिवसात त्यासाठी जागा उरत नाही इतकंच.

वर्कशॉप

पाचव्या महिन्यात फॅब्रिकेशनच्या एका वर्कशॉपमध्ये काम लागलं, गेट, जिने, खिडक्यांच्या ग्रिल. मालकाला मी सगळं आधीच सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की साडेआठला येईल का. पहिले तीन महिने नुसतं ग्राइंडर फिरवणं, वेल्डिंग झालं की वरचा जळका थर, म्हणजे स्लॅग, झाडणं, माल उचलणं. मग हळूहळू टॅक मारायला, म्हणजे तुकडे ठिपक्याठिपक्याने तात्पुरते जोडायला शिकला, मग पूर्ण टाका.

बाविसाव्या वर्षीही त्याला एक बरी नोकरी मिळाली होती आणि तीन आठवड्यांत सोडली होती. तेव्हा का टिकली नाही आणि आता का टिकली, हा प्रश्न मला छळायचा. ख्रिस्तोफर उगेन यांनी अमेरिकेतल्या १९७० च्या दशकातल्या एका रोजगार योजनेची माहिती तपासली होती, त्यात गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्यांना साधीसुधी, कमी पगाराची कामं दिली होती. २७ आणि त्याच्या पुढच्या वयाच्यांमध्ये अशा कामाने गुन्हे कमी झाले, त्याहून लहानांमध्ये फारसा फरक पडला नाही. त्याच्या बाबतीत हे तंतोतंत बसतं. बाविशीत त्याला वाटायचं की हे काम म्हणजे आपला अपमान आहे, एका रात्रीत महिन्याचा पगार सुटतो तर इथे घाम कशाला गाळायचा. एकतिशीत हिशोब फिरला होता, आतल्या वर्षांची बेरीज करून तो म्हणायचा की तासाला किती पडले ते काढलं तर सगळ्यात स्वस्त मजूर मीच होतो.

म्हणजे काम मिळायच्या आधीच काहीतरी सैल झालेलं होतं. नॉर्वेमध्ये २०१४ साली स्कार्डहामर आणि सावोलाइनेन यांनी वारंवार गुन्हे केलेल्या आणि नंतर पक्की नोकरी लागलेल्या पुरुषांच्या नोंदी बघितल्या तर बहुतेकांचे गुन्हे नोकरी लागायच्या आधीच कमी झालेले निघाले. यावरून काही जण म्हणतात की मग नोकरीचा उपयोग काय. मला ते पटत नाही. सैल झालेला नट हाताने काढता येतो आणि हातानेच परत आवळताही येतो, मध्ये कुणी आलं नाही तर तो पुन्हा जागेवर बसतो. नोकरीने त्याला सोडवलं नाही, पण मागे जाऊ दिलं नाही.

वर्कशॉपमधला एक प्रसंग मी स्वतः बघितलाय. एका घराची ग्रिल तयार होऊन भिंतीला टेकवून ठेवली होती, उद्या फिटिंगला जायची होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, बोटाने एकेक जोड दाबून बघितला आणि मालकांना म्हणाला, काका हे स्क्रू बाहेरच्या बाजूने येतायत, फिरवले की निघाली ग्रिल, मला दोन मिनिटं लागली असती. सगळं वर्कशॉप गप्प. पोरांना तोवर माहीत नव्हतं तो कुठून आलाय. मालक थोडा वेळ ग्रिलकडे बघत राहिले आणि म्हणाले, मग आतून वेल्ड कर, आणि इथून पुढे बाहेर जाणारा प्रत्येक पीस आधी तू बघायचा.

जे ज्ञान लपवत फिरायला लागत होतं त्याच ज्ञानासाठी आता त्याला हाक मारली जायला लागली. हे कुठल्या समुपदेशनाच्या सेशनमध्ये झालं नसतं, माझ्याकडून तर नक्कीच नाही.

रात्री नऊ

खोलीवाल्या काकांना काचबिंदू होता. रोज रात्री झोपायच्या आधी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आणि तो चुकवायचा नाही, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. काकांचा हात थरथरायचा, अर्ध्या वेळी थेंब गालावर. एकदा याने बघितलं आणि म्हणाला द्या इकडे. झालं, तेव्हापासून ते त्याचं काम. काका नऊच्या ठोक्याला खुर्चीत मान मागे टाकून बसायचे, हा खालची पापणी अंगठ्याने ओढायचा, थेंब टाकायचा आणि मग डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचा, थेंब घशात उतरू नये म्हणून, डॉक्टरांनी तसं शिकवलं होतं. ते दीड-दोन मिनिटं दोघंही बोलायचे नाहीत.

आता बघा काय झालं ते. जुन्या आयुष्यात सात ते अकरा ही टोळीची वेळ होती, तेव्हा जमायचे, तेव्हा ठरायचं. नऊ वाजता घरी पोचायचं असेल तर आठनंतर कुणासोबत बसता येत नाही, लांब जाता येत नाही, प्यायला बसलं तर हात हलणार म्हणून तेही नाही. कुणी त्याला रोखलं नव्हतं. फक्त संध्याकाळ मधोमध कापली गेली होती.

लग्नाने माणूस सुधारतो असं सगळीकडेच म्हणतात आणि ते अगदी खोटं नाही, बोस्टनच्या त्याच माणसांवर २००६ मध्ये काढलेल्या हिशोबात असं दिसलं की एकाच माणसाच्या आयुष्यात लग्न टिकलेल्या काळात गुन्ह्याची शक्यता साधारण ३५ टक्क्यांनी कमी होती. पण सॅम्पसन आणि लाउब यांचं म्हणणं नीट वाचलं तर त्यात प्रेमाइतकाच भर वेळेवर आहे, घरी वाट बघणारं माणूस असलं की रोजचं वेळापत्रक बदलतं, मित्र गळतात, कुठे होतास असं विचारणारं कुणी असतं. आमच्या माणसाचं लग्न झालेलं नाही. त्याला काका मिळाले.

म्हणून आता मी नव्याने सुटलेल्या माणसाला पश्चात्ताप झालाय का असं विचारत नाही. मी त्याच्या आठवड्याचे तास लिहून काढते, सोमवार ते रविवार, आणि प्रत्येक तासापुढे विचारते की या वेळी तुझी कुणी वाट बघतंय का.

अकरा दिवस

चौदाव्या महिन्यात मालक आजारी पडले आणि वर्कशॉप अकरा दिवस बंद राहिलं. त्याच सुमारास काकाही मुलाकडे राहायला गेले होते. दिवसही रिकामा, रात्रही रिकामी. नवव्या दिवशी एक जुना साथीदार भेटला, त्याच्यासोबत हा गेला नाही, पण दहाव्या दिवशी ज्या साइटवर वर्कशॉपचं काम चालू होतं तिथून तांब्याच्या केबलची दोन बंडलं उचलली आणि भंगारात विकली. पैशाची अडचण नव्हती. त्याने तेव्हाही तसं सांगितलं नाही आणि आजही सांगत नाही. म्हणतो, "संध्याकाळी करायला काहीच नव्हतं आणि ते समोर पडलं होतं."

मला कळलं तेव्हा मी वहीत एकच शब्द लिहिला, संपलं. तो माझ्या कामातला सगळ्यात चुकीचा शब्द आहे आणि तो खोडलेला नाही मी, तसाच ठेवलाय. पहिल्यांदा थांबणं म्हणजे काही काळ गुन्हा न करणं, ती विश्रांती असते, ती अट्टलातला अट्टलही घेतो. मी आता असा नाहीच असं माणसाला स्वतःबद्दल वाटायला लागणं ही पुढची पायरी, आणि आजूबाजूच्यांनी ते मान्य करणं ही त्याच्याही पुढची, अभ्यासक हे तीन टप्पे वेगळे मोजतात. मधे घसरणं हे जवळजवळ ठरलेलं असतं. मला हे सगळं पाठ होतं, तरीही केबलची बंडलं समोर आल्यावर मी विसरले.

मालक विसरले नाहीत. कदाचित त्यांना ते कधी माहीतच नव्हतं. साइटवाल्याला त्यांनी केबलचे पैसे भरून दिले, आमच्या माणसासमोर हिशोब मांडला, दर आठवड्याच्या पगारातून एवढे कापणार, तेवीस आठवडे. मग म्हणाले, उद्या साडेआठला ये, ती जिन्याची ऑर्डर राहिलीये. साइटवाला तक्रार करायला निघाला होता, त्याला थांबवलं ते योग्य होतं का यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं आजही एकमत नाही. मला वाटतं साइटवाल्याचं नुकसान भरून निघालं आणि तो स्वतः तयार झाला म्हणून ते चाललं, दुसऱ्या एखाद्या प्रकरणात चाललं नसतं. पण त्या दिवशी आमचा माणूस आत गेला असता तर वर्कशॉप गेलं असतं, खोली गेली असती, आणि बाहेर आल्यावर एकतिशीतली तीच सगळी चढण पुन्हा पस्तिशीत.

तेवीस आठवडे त्याने प्रत्येक कापलेल्या रकमेवर स्वतः सही केली. एकदाही चुकवलं नाही.

गोष्ट नंतर आली

शॅड मरूना या अभ्यासकाने इंग्लंडच्या लिव्हरपूलमध्ये गुन्हे सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या होत्या. दोन्हीकडे हालअपेष्टा सारख्याच, फरक होता तो स्वतःची गोष्ट सांगण्यात. जे अजून करत होते त्यांना वाटायचं की आपल्या नशिबात हेच लिहिलंय. ज्यांनी सोडलं ते म्हणायचे की मी आतून बरा माणूस होतो, परिस्थितीने वाहवत गेलो, आता मला काहीतरी परत द्यायचंय. आणि मागच्या प्रत्येक गोष्टीचा सगळा दोष ते स्वतःकडे घेत होते असंही नाही. कोर्टात, घरात, सगळीकडे आपण जी कबुली मागतो, मीच वाईट होतो, ती बऱ्याचदा या माणसांच्या तोंडून निघतच नाही, तरी ती थांबलेली असतात.

आमच्या माणसाकडे पहिली तीन वर्षं कुठलीच गोष्ट नव्हती. विचारलं तर खांदे उडवायचा. चौथ्या वर्षी वर्कशॉपमध्ये दोन पोरं शिकायला आली, त्यातला एक सतरा वर्षांचा, भुरट्या चोऱ्यांत सापडलेला. त्याला वेल्डिंगची काळी काच कशी धरायची ते शिकवताना मी याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, "मी तुझ्याएवढा होतो ना तेव्हा..." आणि पुढे दहा मिनिटं सलग. सुरुवात, मध्य, शेवट असलेली गोष्ट. काही जणांमध्ये आधी मन फिरतं आणि मग ते संधी पकडतात, असेही मी बघितलेत. याच्यात आधी तास भरले, मग हात भरले आणि अगदी शेवटी गोष्ट आली.

यात दुखणं नव्हतं असं समजू नका. स्कॉटलंडमधल्या अभ्यासकांनी गुन्हे सोडणाऱ्यांच्या वेदनांवर लिहिलंय, त्यात एकटेपणा पहिला. जुने मित्र सोडायचे आणि नवे कुणी जवळ करत नाहीत, मध्ये नुसती मोकळी जागा. बहिणीने पाचव्या वर्षापर्यंत दार उघडलं नाही. आणि कागदावर तर तो अजूनही तसाच आहे. पहिल्याच गुन्ह्यात पकडल्या गेलेल्यांबद्दल अमेरिकेतले अभ्यास सांगतात की सहा-सात वर्षं स्वच्छ गेली की त्यांचा धोका इतरांच्या जवळपास येतो. याच्यासारख्या चार वेळा आत गेलेल्यांना जास्त वर्षं लागतात, हे मला मान्य आहे, पण मग किती ते कुणीतरी सांगायला हवं ना, फॉर्ममधल्या त्या रकान्याला तर शेवटच नाहीये.

पाचव्या वर्षाच्या अखेरीस काका गेले. शेवटपर्यंत त्यांना उजव्या डोळ्याने दिसत होतं. मला त्या चौदाव्या महिन्याची आठवण झाली आणि मी खरंच धास्तावले. दुसऱ्या रात्री नऊ वाजता त्याचा फोन आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही नाही ताई, नऊ वाजले म्हणून केला." तिसऱ्या रात्रीही आला, चौथ्याही. बोलण्यासारखं काही नसायचं, मी दिवसभरात काय केलं ते सांगायचे, तो कुठली ऑर्डर चालू आहे ते सांगायचा, दोन मिनिटांत ठेवायचा. असे सात आठवडे.

मग फोन आठवड्यातून तीनदा यायला लागला, मग एकदा, मग बंद. गेल्या महिन्यात मीच नऊ वाजता लावला, उचलला नाही. मला झोप लागली नाही. सकाळी सव्वाआठला परत आला, ताई सॉरी, रात्री दोन्ही पोरांना घेऊन जिन्याचं काम संपवत होतो, हातात वेल्डिंगचा होल्डर होता, आणि आत्ता ठेवतो, साडेआठ होतायत.